अनामिकेची हजेरी

घरामागच्या उंबरावर तांबट बोलायला लागला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. चिमणीहून जरासाच मोठा, हिरव्या अंगाचा हा पक्षी भर उन्हात पानांत दडून बसतो आणि टुक्, टुक्, टुक् असा एकच सूर एकाच लयीत तासन् तास लावून धरतो. दूर कुठेतरी कुणी तांब्याच्या हंड्याला ठोके देत बसलंय असं वाटतं. तो बोलू लागला म्हणजे मार्च आला. समोरच्या बिल्डिंगमधली दहावीची मुलगी पुस्तक छातीशी धरून गॅलरीत येरझारा घालते, तिची आई दूरदर्शनचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघते, आणि सकाळी अकराच्या सुमाराला सगळ्या महाडात एक विचित्र शांतता पसरते. मुलं पेपर लिहायला बसलेली असतात आणि मोठी माणसं उगाचच हळू बोलतात.

मैत्रेयी, मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "आजी, शाळेत आम्हाला सगळ्यांना युकुलेली दिलीय. माझं तिसरं बोट पोचतच नाही. मी सोडून देणार आहे." मी हसले. तू रागावलीस आणि फोन बाबाकडे दिलास. त्या हसण्याचा खुलासा करायचा म्हणून हे लिहिते आहे. धाकट्या भावाला, ओजसलाही वाचून दाखव. मराठी अक्षरं अडली तर बाबाची मदत घे. यात त्याचाही बराच भाग आहे आणि काही ठिकाणी वाचताना तो जरा खाकरेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

माझ्या देवघराशेजारच्या खुंटीवरही एक युकुलेली टांगलेली आहे, छोट्या गिटारसारखी, चार तारांची. तुम्ही ती फोटोत पाहिली असेल आणि शोभेची वस्तू समजला असाल. तुझा फोन झाल्यावर मी ती खाली काढली, धूळ पुसली, खुंट्या पिळून तारा जुळवल्या. सगळ्यांत वरची तार जाड आहे. ती तशी का आहे, हे पुढे येईलच.

तीस वर्षं मी इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या तीस वर्षांत मार्च म्हणजे माझ्या घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. जाड सुती दोऱ्यात बांधलेले, डिंकाचा वास येणारे. जेवणाच्या टेबलावर डावीकडे न तपासलेले, उजवीकडे तपासलेले, मध्ये लाल शाईचं पेन आणि पाण्याचा तांब्या. तुमचे आजोबा तेव्हा जमिनीवर पाट घेऊन जेवायचे आणि म्हणायचे, "आमच्या घरात दोनच ऋतू, तपासणीचा आणि बाकीचा." मी दिवसाला पस्तीस पेपर तपासत असे, छत्तिसावा उद्यावर. आजोबा गेले, बाबा कॅनडाला गेला, तरी गठ्ठे येत राहिले आणि मार्च भरलेला राहिला.

मग मी निवृत्त झाले आणि पुढच्याच जानेवारीत पडले. पोलादपूरला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते; आजोबा गेल्यावरही तिने मला बोलवायचं थांबवलं नव्हतं. तिने बायका येणार म्हणून अंगण पुन्हा एकदा सारवून घेतलं होतं आणि ते नीट वाळलं नव्हतं. पाय सरकला, मी डाव्या हातावर आले. उजव्या हातातला वाणाचा डबा मात्र मी तसाच वर धरून ठेवला होता, एक तिळगूळसुद्धा सांडला नाही. मैत्रीण हे अजून कौतुकाने सांगते. मनगट मोडलं होतं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला हात माझा वाटेना. वाळवणात विसरलेल्या मिरचीसारखा सुरकुतलेला, पिवळट. हाड जुळलं होतं, पण बोटं वळत नव्हती. अंगठा आणि तर्जनी थोडं ऐकायचे. मधलं बोट कुरकुरत यायचं. करंगळी आपली दुसऱ्याच्या जिवावर हलायची. आणि अनामिका, अंगठीचं बोट, सरळ उभी. डॉक्टर म्हणाले, "हाड बसलंय छान. पण आता बोटं वापरली नाहीत तर अशीच राहतील. पुढचे दोन महिने काय ते."

त्या रविवारी बाबाचा फोन आला. तेव्हा तू जेमतेम दीड वर्षाची होतीस, मागे तुझं रडणं ऐकू येत होतं.

"आई, वेणी कशी घालतेस?"

"केस कापून घेतले."

"कणीक?"

"उजव्या हाताने मळते. वेळ लागतो. वेळ आहे मला."

"कुकर कोण लावतं?"

कुकरची मूठ डाव्या हाताने घट्ट धरल्याशिवाय उजव्याने झाकण फिरत नाही, हे तुम्हालाही करून बघता येईल. माझा कुकर शेजारची शमीम येऊन लावून जायची आणि उतरवायलाही तीच यायची.

"मी एप्रिलमध्ये येतो," बाबा म्हणाला. "तोपर्यंत तुला स्वतःला कुकर लावता आला तर राहा तिथे. नाहीतर माझ्याबरोबर यायचं. घर बंद करायचं. आता वाद नको."

वाद घातला नाही. अभ्यासक्रम ठरलेला आणि तारीख ठरलेली असली की मला बरं वाटतं. तुमच्या घरी मला काही कमी पडलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तिकडे मी कुणाची तरी आई आणि कुणाची तरी आजी. इथे सकाळी तळ्याला फेरी मारून बाजारातून परतताना कोळीण, वकील, रिक्षावाला, सगळे मला 'बाई' म्हणतात, आणि त्यांतल्या निम्म्यांचं अक्षर मला ओळखता येतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ही गॅलरी. हे सगळं एका बोटावर येऊन थांबलं होतं.

शमीम माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि इंग्रजीच्या तासाला तिच्या पोटात दुखायचं. लग्न होऊन आमच्याच शेजारी आली. तिचा नवरा इम्रान मालवाहू बोटीवर खानसामा. आठ महिने समुद्रावर, चार महिने घरी. एके दिवशी कुकर लावून झाल्यावर ती घरी गेली आणि एक काळी पिशवी घेऊन परत आली.

"बाई, हे घ्या. इम्रानने पोरीसाठी आणलेलं. पोरगी ह्याने क्रिकेट खेळते."

पिशवीतून तपकिरी रंगाचं, हातभर लांबीचं, चार तारांचं वाद्य निघालं. एका बाजूला चेंडूचे पोचे होते.

"हे काय?"

"छोटी गिटार हाय. कुठल्या बंदरात मिळाली काय माहीत. डॉक्टर बोलला ना, बोटं हलवा? ही बोटं हलवल्याशिवाय वाजत नाय."

"अगं, या वयात मी गिटार घेऊन बसू?"

"मग काय मी बसू? मला पाच माणसांच्या भाकऱ्या हायत." तिने ती माझ्या मांडीवर ठेवली. "आमाला सांगायच्या ना, रोज दहा ओळी शुद्धलेखन. आता तुमी रोज दहा वेळा बोट वाकवा. मी संध्याकाळी येऊन तपासणार."

तिच्या आवाजात इतका आनंद होता की नाही म्हणवेना.

पिशवीत घडी घातलेला एक कागदही होता, इंग्रजीत छापलेला. चार उभ्या रेघा म्हणजे तारा, आडव्या रेघा म्हणजे दांडीवरच्या पट्ट्या, म्हणजे पडदे, आणि काळे ठिपके म्हणजे कुठे कुठलं बोट दाबायचं ते. चार तारांची नावं जी, सी, ई, ए. पहिल्याच चौकोनावर 'सी' लिहिलेलं होतं आणि त्यात एकच ठिपका. शेजारी लिहिलं होतं की नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी, हा स्वरमेळ, म्हणजे कॉर्ड, सर्वांत सोपा. सर्वांत खालची तार, तिसरा पडदा, आणि बोट अनामिका. जगातल्या सगळ्या नवशिक्यांना जे सर्वांत सोपं, तेच नेमकं माझ्या वाट्याचं सर्वांत अवघड.

माझ्याकडे एक अर्धं कोरं हजेरीचं मस्टर पडून होतं. त्यात मी रुळाने आखून पाच नावं लिहिली: अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी. पुढे तारखा. संध्याकाळी हजेरी. पहिल्या आठवड्यात तर्जनीपुढे रोज 'ह' आणि अनामिकेपुढे रोज 'गै'. शमीमने मस्टर पाहिलं आणि पदर तोंडावर धरून हसली. "बाई, पालकांना बोलवा हिच्या."

आता बुवा. नाते गावचे गणपतबुवा भजनीमंडळाचे बुवा, आणि दर शनिवारी महाडच्या बाजारपेठेत एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम, मैत्रेयी. शाळेची पेटीही तेच बघायचे, तेव्हापासूनची ओळख. मी कागद आणि वाद्य घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. मला इंग्रजी येत होतं, संगीत येत नव्हतं. त्यांना संगीत येत होतं, इंग्रजी येत नव्हतं. दोघांचा मिळून एक वादक होईल असा माझा हिशेब होता.

बुवांनी युकुलेली उलटीसुलटी केली, वास घेतला. "सतारीचं पिल्लू दिसतंय. वाचा काय लिवलंय."

मी वाचलं. त्यांनी मनात भाषांतर केलं आणि पेटीवर बोट ठेवत गेले. "पांढरी पाच. पांढरी एक. पांढरी तीन. पांढरी सहा." मग थांबले. "बाई, एक, तीन, सहा चढत गेली. मग पाच आधी कशी? म्हणजे ती खालची पाच. खर्जातली."

"बरोबर," मी म्हटलं. क्रम म्हटलं की मला लगेच पटतं.

"मग ही वरची तार बारीक कशाला? खर्जाला जाडी तार पाहिजे. कारागिराला अक्कल नाय. उलटी चढवलेन."

मी पाहिलं, आणि मलाही ते एकदम डोळ्यांत खुपलं. जाड, मध्यम, बारीक असं ओळीने जायचं सोडून पहिलीच तार बारीक. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर उंच मुलगा बसलेला मी कधी चालवून घेतला नाही. बुवांनी शिंप्याच्या कात्रीने ती तार सोडवली. समोरच्या जाळी-गळाच्या दुकानातून, जिथून दासगावच्या खाडीवर मासे पकडणारे गळाची नायलॉन दोरी, तंगूस, घेतात, तिथून चांगली जाड तंगूस आणून चढवली. छेडली तर घरातलं कुणी मोठं माणूस खाकरल्यासारखा घनगंभीर आवाज आला. "आता बरोबर," बुवा म्हणाले. काढलेली तार मी पाकिटात घातली आणि वर लिहिलं, 'चुकीची तार'.

सरावाची वेळ ठरवताना एक अडचण होती. परीक्षेच्या दिवसांत गल्लीत लग्नाचा बँड वाजला तरी जाऊन तंबी देणारी बाई मीच. मग मी उत्तर शोधलं. मुलं पेपर लिहायला गेलेली असतात तेव्हा घरी अभ्यास करणारं कुणी नसतं. अकरा ते दोन. लांबून शाळेची घंटा ऐकू यायची, 'प्रश्नपत्रिका वाटा' म्हणणारी, आणि मी गॅलरीत आजोबांच्या खुर्चीवर युकुलेली घेऊन बसायचे. दुसरी घंटा झाली की सुरू. मध्ये पाणी पिण्यापुरती उठायचे. शेवटची घंटा झाली की वाद्य पिशवीत. त्या वर्षी इंग्रजीच्या पेपरला, बीजगणिताच्या पेपरला, इतिहासाच्या पेपरला सगळ्या मुलांबरोबर मी बसले होते.

त्या दुपारी अजून माझ्या अंगाला लागून आहेत. खाली तापलेला डांबरी रस्ता, वर कौलांवरून उठणारी झळ, कुणाच्या तरी परसात फोडत असलेल्या काजूबियांच्या चिकाचा उग्र वास. नायलॉनच्या तारांचे बोटांच्या टोकांवर उठलेले चार बारीक चरे. मी त्यांच्याकडे बघत बसायचे. साठीच्या बाईच्या हातावर नवीन काही उमटलेलं बघायला किती बरं वाटतं, ते तुम्हाला इतक्यात कळायचं नाही. आणि उंबरावरचा तांबट. त्याची लय कधी चुकायची नाही. मी त्याच्या ठोक्यावर उजव्या हाताने तारा छेडायला शिकले. बुवा एकदा घरी आले तेव्हा ऐकून म्हणाले, "तबलजी चांगला मिळालाय. मानधन मागत नाय."

अनामिका लागत नव्हती त्या काळात मला दोनच स्वरमेळ जमायचे, एक मधल्या बोटाचा आणि एक तर्जनी-मध्यमेचा. मधल्या बोटाचा होता तो फार करुण. शमीम भिंतीपलीकडून ओरडायची, "बाई, कोण गेलं काय?" पण मला तोही आवडायचा. सगळं आयुष्य मी उत्तरं तपासली होती, आणि इथे पहिल्यांदा असं काही हातात होतं ज्याला गुण नव्हते. चुकीचं दाबलं तर भुर्रकन एक बसका आवाज यायचा आणि हवेत विरून जायचा. लाल शाईसारखा मागे राहायचा नाही. काही दुपारी मी दोन वाजून गेले तरी वाजवत राहिले, घंटा ऐकूसुद्धा आली नाही. माझ्यासारख्या बाईने घंटा न ऐकणं म्हणजे काय, ते बाबाला विचारा.

तिसऱ्या आठवड्यात, भूमितीच्या पेपरच्या दिवशी, अनामिका पोचली. मी उजव्या हाताने तिला वाकवून तारेवर ठेवायचे आणि सोडलं की ती उठायची, हे रोजचं होतं. त्या दिवशी उजवा हात काढून घेतला आणि ती तिथेच राहिली. थरथरत होती, पण राहिली. मी चारी तारांवरून अंगठा फिरवला. जाड तंगूस घुमली, मग दुसरी, तिसरी, आणि शेवटची, माझ्या बोटाखालची, अगदी स्वच्छ बोलली. सगळ्या खिडक्या उघडल्यावर घरात उजेड यावा तसा तो 'सी' गॅलरीभर पसरला. मी भिंतीवर थाप मारली.

"शमीम, लागला."

"काय, भात?"

"सी लागला, सी."

ती पिठाच्या हातानेच धावत आली. मस्टरात मी अनामिकेपुढे 'ह' लिहिला आणि शमीमने त्याखाली पिठाच्या बोटाचा शिक्का उठवला. तो डाग अजून आहे.

मग बुवांनी गाणं शिकवलं. त्यांनी स्वतः रचलेलं मारुतीचं भजन, त्यात तीन स्वरमेळ पुरायचे. "तुमी सूर धरू नका," ते म्हणायचे, "नुसता ठेका द्या. गाणं मी वाहतो." एक दिवस म्हणाले, "हनुमान जयंतीला नात्याला या. साथीला बसा." मी म्हटलं, बघू.

त्याच सुमाराला इम्रान सुट्टीवर आला. मोठ्या कौतुकाने माझं वाजवणं ऐकायला बसला आणि पहिल्याच झटक्याला पुढे वाकला.

"बाई, ही वरची तार कोणी बदलली?"

"चुकीची होती. बारीक चढवली होती."

इम्रान शमीमकडे बघू लागला. ती भिंतीकडे बघू लागली. "बाई," तो हळूच म्हणाला, "ती बारीकच असते. जिथनं आणली त्या बेटांवर मी शंभर माणसं बघितली वाजवताना. सगळ्यांची बारीकच. तशीच बनवतात."

मी पाकीट काढलं. 'चुकीची तार' असं माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. इम्रानने ती तार चढवून दिली. मी ती वाजवली. वाद्याचा स्वभावच बदलला होता. मधल्या सुट्टीत मुली खिदळतात तसा आवाज. इतकं बरोबर असलेलं काहीतरी मी लाल शाईने खोडलं होतं, आणि तेही क्रम चुकला म्हणून. त्या रात्री जेवताना मला कितीतरी जुन्या उत्तरपत्रिका आठवल्या. वेगळ्या क्रमाने लिहिलेली, पण कदाचित बरोबर असलेली वाक्यं.

शनिवारी बुवांना सांगितलं. मला वाटलं तेही वरमतील.

"त्यांच्या बेटावर खिदळायला बरी हाय," बुवा म्हणाले. "आपल्याला मारुतीपुढं बसायचंय. मारुतीला खर्ज पाहिजे. जाडीच लावा."

मी जाडी लावली. मैत्रेयी, इंटरनेटवर शोधून बघ, कितीतरी वादक मुद्दाम अशीच जाड तार लावतात आणि त्यालाही रीतसर नाव आहे. ते ऐकायला बुवा असते तर म्हणाले असते, "मग? मी काय बोललो?"

बाबा हनुमान जयंतीच्या तीन दिवस आधी आला. बॅग ठेवली, अंघोळ केली, आणि टेबलावर एक जाड लिफाफा ठेवला, माझे प्रवासाचे अर्ज. मग म्हणाला, "आई, कुकर."

एकटी असताना मला ते दोनदा जमलं होतं. पण तो ओट्याला टेकून उभा होता, शमीम दारात उभी होती, आणि माझ्या हाताला घाम सुटला. मूठ धरली, झाकण ठेवलं, फिरवायला गेले आणि अनामिका सुटली. झाकण फरशीवर पडून गरगर फिरत राहिलं. थांबायला त्याने फार वेळ घेतला. बाबाने ते उचललं, धुतलं आणि लावलं.

"पेपर झाला, आई."

"फेरतपासणीचा अर्ज करते."

"आई."

"तू जाईपर्यंत दहा दिवस आहेत," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच पटला नाही. त्या दिवशी मी मस्टर उघडलं नाही. नात्याला जाणार नाही असंही शमीमला सांगून टाकलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी तोंडी परीक्षेला रडत बसलेले, तेव्हा मला हात धरून आत कोणी ढकललं?"

"तू नापास झालीस, शमीम."

"झाले तर झाले. आत गेले होते का नाय?"

हनुमान जयंतीला पहिल्या एसटीने मी आणि बाबा नात्याला गेलो. जन्माचा सोहळा होऊन गेला होता, मंडपात लोक सैल होऊन बसले होते. डोंगरावर ऊन चढत होतं. मी टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकाला सतरंजीवर बसले आणि पिशवीतून युकुलेली काढली तशी बायकांत कुजबुज झाली.

"गो, बाई खेळणं घेऊन आल्यात."

"खेळणं नाय गो, हाताचं औषध हाय ते."

बुवांनी पेटीवर पट्टी धरली आणि म्हातारा टाळकरी चमकला. "बुवा, पांढरी एक? एवढं खाली?"

बुवांची पट्टी काळी चार. सगळ्या खोऱ्यात त्यांच्या वरच्या आवाजाचा दबदबा होता. खाली गाणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने अर्धा फेटा उतरवून बसण्यासारखं. माझ्या वाद्याला वरची पट्टी जमणार नाही, हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

"गळा माझा हाय," ते म्हणाले. "तू टाळ सांभाळ."

भजन सुरू झालं. पहिल्या ओळीला मला माझा आवाज ऐकूच आला नाही. दुसऱ्या ओळीला तंगूस घुमलेली ऐकू आली, पखवाजाच्या खालून, जमिनीतून आल्यासारखी. मग मी ऐकणं सोडलं आणि मनात तांबट धरला. टुक्, टुक्, टुक्. अनामिका जायची, यायची. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तिला तिसऱ्या पडद्यावर उभं राहायचं होतं, आणि ती राहात होती. तिसऱ्या कडव्याला एक गंमत झाली. पट्टी खाली असल्यामुळे ज्या म्हाताऱ्यांचा आवाज एरवी पोचत नसे, जे वर्षानुवर्षं नुसते टाळ वाजवून ओठ हलवायचे, ते गायला लागले. आधी एक, मग चार, मग सगळी मागची रांग. भरड्या, घोगऱ्या आवाजांचा एक लोट उठला. बुवांनी मान वळवून मागे बघितलं, लय वाढवली आणि गजर धरला. मी धावले. माझी बोटं धावली. एकही राहिलं नाही मागे.

संपलं तेव्हा म्हातारा टाळकरी डोळे पुसत म्हणाला, "बुवा, दरसाल हीच पट्टी ठेवा." बुवा माझ्याकडे बघून म्हणाले, "ते बाईंना विचारा. पट्टी त्यांची हाय."

बाबा मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडे पाहिलं तर तो पायातल्या सॅंडलचा पट्टा सारखा करत होता. बराच वेळ करत होता.

निघताना बुवांच्या घरून प्रसादाच्या शिऱ्याने भरलेला कडीचा डबा आला, चांगला दोन-तीन किलोचा, वर सुंठवड्याची पुडी. युकुलेली मी कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हते. धुळीच्या रस्त्याने आम्ही एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आलो. मी बडबडत होते. बुवांची पट्टी, म्हाताऱ्यांचे आवाज, गजराला वाढलेली लय. बाबा एकदम थांबला.

"आई, डबा कुठल्या हातात आहे?"

मी खाली पाहिलं. उजव्या हातात युकुलेली होती. डबा डाव्या हातात होता. कडीभोवती चार बोटं वळलेली होती आणि अनामिका त्यांच्यात इतकी बेमालूम उभी होती की ती कुठली ते मला क्षणभर शोधावं लागलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बुवांच्या दारापासून."

दुसऱ्या दिवशी कुकर मी लावला. बाबा बाहेरच्या खोलीत बसून होता, मुद्दाम आत आला नाही. तीन शिट्ट्या झाल्या. त्याने मोजल्या असाव्यात, कारण तिसरीनंतर तिथूनच म्हणाला, "गॅस बंद कर." त्या अर्जांच्या कोऱ्या पाठीवर मी त्याला मेतकुटाची कृती लिहून दिली. ती तुमच्या स्वयंपाकघरात असेल, पान उलटून बघा.

मैत्रेयी, परवा मी ते मस्टर काढलं. शेवटचं एक पान कोरं होतं. रुळाने आखलं, वर तुझं नाव लिहिलं, खाली पाच नावं. अनामिकेपुढे पहिल्या तारखेला 'गै' लिहिलंय, कारण खोटी हजेरी मी कुणाचीच लावत नाही. बाकीचे रकाने मोकळे आहेत. रविवारी फोन करशील तेव्हा युकुलेली जवळ ठेव. इकडे तांबट बसलेलाच आहे, खिडकी उघडी ठेवते.